चव घेण्याचे दिवस

किमथो दवाखान्यात जाऊन पाच दिवस झाले होते, तरी पौर्णिमेचा नैवेद्य ठरल्या वेळीच मांडायचा हे त्यांच्या बायकोने, आमाने, कुणाला न विचारता ठरवून टाकलं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला क्वो घराण्याच्या पूर्वजांपुढे स्वतःच्या बागेतली पपनसं ठेवली नाहीत, असं एकही वर्ष गेलेलं नव्हतं. वादळाने अर्धी बाग आडवी केली त्या साली तिने पडलेल्या फांद्यांखाली वाकून सहा फळं शोधली होती. आजही तिने सहाच घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि उदबत्त्या हातात धरून पूर्वजांना नवऱ्याचं नाव, वय, दवाखान्याचा पत्ता आणि खोलीचा नंबर सांगितला. नंबर दोनदा सांगितला. पूर्वजांपैकी कुणी कधी ताइनानच्या दवाखान्यात गेलेलं नव्हतं.

तिच्या मागे थोरली सून सूलान उभी होती, आणि तिच्या मागे आठ महिन्यांच्या निन्नीला कडेवर घेऊन धाकटी, पेइयुन. पेइयुन आणि तिचा नवरा आवेई काल दुपारी तैपेईहून आले होते. दरवर्षी सणाला यायचे तसेच. फक्त या वेळी सामान न उतरवता आधी दवाखान्यात गेले होते. थोरला मुलगा आखुन अजून परतला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याला सकाळी एकट्यालाच बोलावून घेतलं होतं.

सूलानचा हात सारखा ॲप्रनच्या खिशाकडे जात होता. खिशात सासऱ्यांच्या पिवळ्या गोळीच्या खोक्यातला माहितीचा कागद होता. अक्षर मुंगीएवढं. काल डॉक्टरांनी सगळी औषधं आणि त्यांचे कागद आणायला सांगितले, तेव्हा तिने पहिल्यांदा तो उलगडून चष्मा लावून वाचला होता. वाचून परत घडी घातली आणि खिशात टाकला, तो कालपासून तिथेच होता.

गोळ्या तीच भरायची. दर रविवारी संध्याकाळी, सात कप्प्यांच्या डबीत, रक्तदाबाची पांढरी आणि रक्तातली चरबी उतरवायची पिवळी. पिवळी वसंतात सुरू झाली. चार महिने काही म्हणजे काही झालं नाही. किमथो खत टाकत होते, पाटाचं पाणी वळवत होते, आखुनशी बागेवरून भांडतही होते. मग चव घेण्याचे दिवस आले.

पपनसं पिकतात त्या पांढऱ्या दवाच्या तिथीआधी तीन आठवडे किमथो रोज बागेत स्टूल घेऊन जायचे. जुनी झाडं शहाऐंशी, प्रत्येकाचं फळ वेगळ्या दिवशी तयार होतं, आणि कुठलं झाड कधी तोडायचं ते त्यांची जीभ सांगायची. रोज चार झाडं, चार फळं. चव घेऊन फोड थुंकायची नाही, हा त्यांचा नियम. झाडाने वर्षभर राबून दिलेलं त्याच्याच बुंध्याशी थुंकणाऱ्या माणसाला ते बागेत उभं करत नसत. त्यामुळे तीन आठवडे त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं आणि पोट पपनसाने भरायचं. घरात याचं कुणाला काही वाटत नसे.

या वर्षी दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, मांड्या दुखतात. मग ओसरीची पायरी चढताना दाराची चौकट धरायला लागले. आखुनला वाटलं, हे सोंग आपल्यासाठीच चाललंय. वसंतात बाग कुणाच्या नावावर करायची यावरून झालेलं भांडण मिटलेलं नव्हतं. एका सकाळी बाबा स्टुलावरून उठेनात, तेव्हा तो म्हणाला होता, चव घ्यायला पाय कशाला लागतात, जीभ लागते. कामावरची माणसं हसली होती. किमथोही हसले होते.

तो आता फाटकातून आत आला आणि कुणाकडे न बघता हात धुवायला गेला.

*

नैवेद्य उतरवल्यावर सगळे गोल टेबलाभोवती बसले. भात, आमाने आदल्या दिवशी शिजवून ठेवलेलं डुकराचं मटण, सणाचे गोल केक. केकांचं खोकं कुणी उघडलं नाही. निन्नीच्या डोक्यावर पपनसाच्या सालीची टोपी होती. सणाला घरातल्या लहान मुलांना आमा ती टोपी कापून देते, आणि आज सकाळीही तिने ती कापलीच होती. एरवी पेइयुनने ती तीनदा धुऊन घेतली असती. आज तिने काही न बोलता मुलीच्या डोक्यावर घालू दिली.

आखुनने डॉक्टर काय म्हणाल्या ते एका दमात सांगितलं, निरोप घेऊन आलेला परका माणूस सांगतो तसं. बाबांचे स्नायू विरघळतायत. विरघळलेलं रक्तातून मूत्रपिंडात जाऊन तुंबलंय, म्हणून लघवी चहासारखी काळी व्हायची आणि आता होतच नाही. हे त्या पिवळ्या गोळीने झालं. गोळी पाच महिने चालू होती, मग आत्ताच का, हे डॉक्टरांना कळत नव्हतं. आज सकाळी त्यांनी गाव विचारलं. मादोउ, पपनसांचं गाव, म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि विचारलं, रोज किती पपनसं खातात?

“मी म्हटलं, खात नाहीत, चव घेतात. ते त्यांचं काम आहे.”

पपनस पोटात असलं की ती गोळी शरीरातून उतरत नाही. आजची उरते, तिच्यावर उद्याची बसते. एकीच्या दहा होतात. हे बोलून झाल्यावर आखुनने चॉपस्टिक उचलल्या आणि परत ठेवल्या. उद्या सकाळपर्यंत लघवी सुटली नाही तर रक्त धुवायच्या यंत्रावर घालणार. आणि यापुढे पपनसाची एक फोडसुद्धा नाही. मूत्रपिंड बंद असताना फळातले क्षार रक्तात साठतात, त्याने हृदय थांबू शकतं.

मग आवेई म्हणाला, गोळ्या भरताना कुणी कागद वाचला नाही का. त्याला कदाचित नुसतं विचारायचं होतं. पण या घरात नुसतं विचारलेलं कुणी तसं ऐकत नसे.

“मी भरते गोळ्या,” सूलान म्हणाली. “दर रविवारी, सहा वाजता. तू त्या वेळी कधी फोन केला असतास तर तुलाही वाचून दाखवला असता.”

मग ती पेइयुनकडे वळली. बाबा धडधाकट होते, म्हणाली. सकाळी पाचला उठून बागेत जाणारा माणूस. त्यांना शहरात नेऊन, उपाशी ठेवून, रक्त काढून, त्यांच्यात काय काय जास्त आहे ते शोधायची हौस कुणाला होती? आकडे कुणाला हवे होते?

पेइयुनला हे येणार हे माहीत होतं. आगगाडीत चार तास ती त्याचीच तयारी करत होती. तिचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी आंघोळीच्या खोलीत पडले ते उठलेच नाहीत. निन्नी पोटात असताना तिने ठरवलं होतं, हिचा हा तरी आजोबा राहिला पाहिजे. म्हणून तिने सासू-सासऱ्यांच्या तपासणीची वेळ घेतली, स्वतः बरोबर गेली. कोलेस्टेरॉल दुप्पट निघालं, गोळी सुरू झाली, तेव्हा तिला आतून निवल्यासारखं वाटलं होतं. एक दार आपण वेळेवर लावलं, असं.

या घरात तिला हवामान खातं म्हणायचे. कुटुंबाच्या फोनवरच्या गटात तिचे इशारे यायचे: बुरशी आलेले शेंगदाणे, प्लास्टिकच्या वाडग्यातलं गरम सूप, लहान मुलांना दिलेला मध, वादळ. आखुन उत्तरादाखल ढगाचं चित्र पाठवायचा. ती स्वतःही हसायची. तिला पुढचं सगळं उत्तर देता आलं असतं: आकडे खोटे नव्हते, डॉक्टरांनी दिलं, मी काय गोळी बनवली का. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“मला माहीत होतं, वहिनी.”

सूलानने तिच्याकडे पाहिलं.

“तीन आठवड्यांपूर्वी बातमी वाचली. हिला पाजत होते. या गोळीवर पपनस चालत नाही, असं त्यात होतं. मी गटात लिहिलं, बाबांच्या डॉक्टरांना विचाराल का. पूर्ण लिहिलं. मग पुसून टाकलं.”

“का?”

पेइयुनने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं असतं. त्या दुपारी तिने फोन त्याच्यापुढे धरला होता आणि तो म्हणाला होता, पपनसं पिकवणाऱ्या घरात सुनेने सांगायचं, पपनस खाऊ नका? तोडणीच्या तोंडावर? दादा माझी सालटी काढेल. सणाला जाऊ तेव्हा तोंडावर सांग हवं तर. तीन आठवड्यांत काय होतंय.

“तुम्ही सगळे हसाल असं वाटलं,” ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

आवेई भाताच्या वाडग्यात बघत राहिला. पेइयुन मनात मोजत होती. वीसपर्यंत मोजलं तरी तो काही बोलला नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढा वेळ तिने त्याच्यासाठी कधीच मोजलं नव्हतं.

सूलानने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. मग ती सांगायला लागली, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी. खोकं घ्यायला ती औषधाच्या दुकानात गेली होती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, आजोबा ग्रेपफ्रूट खातात का? ती हसली होती. म्हणाली होती, ते विलायती कडू फळ आमच्या घरात कोण आणणार?

“मुलगी नवीन होती. बाहेर आमचा ट्रक उभा होता, दारांवर ही एवढाली पपनसं रंगवलेला. तिने पाहिला नाही. मी तर त्यातूनच उतरले होते.” तिने कागदावरून परत हात फिरवला. “ते फळ वेगळं, आपलं वेगळं. मला खरंच तसंच वाटलं. आजही वाटतं. कागदात लिहिलंय, त्या जातीची सगळी फळं.”

ती उठली, टेबलाला वळसा घालून पेइयुनच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि निन्नीच्या हनुवटीवरची लाळ पुसली. बस्स. पण तिने टेबलाची बाजू बदलली हे आखुनच्याही लक्षात आलं.

पेइयुनचा हात तेवढ्यात मुलीच्या डोक्याकडे गेला. तिला स्वतःलाच तो नंतर दिसला: बोटं सालीच्या टोपीच्या कडेखाली शिरत होती. आमाने ते पाहिलं.

“साल आहे नुसती,” आमा म्हणाली.

पेइयुनने हात मागे घेतला. तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

*

आमा मनात दिवस मागे मागे मोजत होती.

लघवी काळी होते हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. सकाळी मोरीत तिने पाहिलं आणि तिला वाटलं, उष्णता. म्हातारा दिवसभर उन्हात, वर शहरातल्या गोळ्या, उष्णता होणारच. उष्णतेवर पपनस. तिच्या आईने तेच सांगितलं होतं, आईच्या आईनेही. बागेतली चार फळं वेगळी, ती आणखी एक सोलून, पांढरा पापुद्रा नखाने काढून, दुपारी त्याच्यापुढे ठेवायची. लघवी जास्त काळी झाली तेव्हा दोन ठेवायला लागली. पिवळी गोळी घशाला चिकटते म्हणायचा, तर तीही फोडीबरोबरच द्यायची. तो म्हणाला होता, पुरे आता. तिने म्हटलं होतं, खा मुकाट्याने.

आखुन सांगत होता की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. वयाने होतं म्हणायचं. साठ वर्षं तो माणूस त्या झाडांवर जगला, आता त्याला काय सांगायचं, झाडांनीच घात केला? तो उठायचा असेल तरी उठणार नाही. आवेईला ते पटलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही भाऊ एका बाजूला आले. सूलानने तोंड उघडलं, तोच आमा बोलली.

“काल दोन फोडी दिल्या त्याला.”

आखुन खुर्चीतून अर्धवट उठला.

तिने शांतपणे सांगितलं. पिशवीत रुमालाखाली घालून नेल्या होत्या. दिवसपाळीची सांभाळणारी बाई चहाला गेली तेव्हा दिल्या. त्याने मागितल्या होत्या.

“सांगितलं नाही तर तो उद्याही मागेल,” ती म्हणाली. “आणि त्याने मागितलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. एक्कावन्न वर्षं संसार झाला, त्याने कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. आत्ता मागतोय.” तिने टेबलावरची खरकटी भांडी एकात एक ठेवायला सुरुवात केली. “मीच सांगते. मीच खायला घातलंय.”

*

चार वाजता ते सगळे पलंगाभोवती उभे होते. खिडकीवर कुणीतरी कागदाचा चंद्र आणि ससा चिकटवला होता. किमथोंचे हात पांघरुणावर होते, तळवे वर. ते हात हलवायला सांगितले की बोटं हलायची, कोपर उचलत नसे. मांड्या आहेत की नाहीत ते हात लावून बघावं लागे, आणि हात पोचत नसे. डोकं मात्र लख्ख होतं. त्यांनी आल्या आल्या विचारलं, किती झाडं राहिली?

आखुन म्हणाला, तेवीस.

मग तो वयाबद्दल काहीतरी बोलू लागला, आणि आमाने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं. पलंगाच्या कडेवर बसून तिने सांगितलं. काही सजवलं नाही, काही गाळलं नाही. गोळी आणि पपनस. मोरीतलं काळं पाणी, उष्णता, जास्तीची फळं, कालच्या दोन फोडी. सूलानने दुकानातली गोष्ट सांगितली. पेइयुनने सांगायला सुरुवात केली, पुसून टाकलं इथवर आली, आणि तेव्हा आवेई म्हणाला, “मीच पुसायला लावलं, बाबा.” तो खाली बघूनच बोलला, पण बोलला.

किमथो ऐकत होते. एकेकाचं बोलून होईपर्यंत एकेकाकडे बघत होते, बागेत झाडापुढे थांबायचे तसे. शेवटी त्यांची नजर पेइयुनवर आली.

“पाठवलं असतंस तरी मी खाल्लं असतं,” ते म्हणाले. “ते काम आहे.”

आखुनने मान हलवली, खरंय, बाबांनी ऐकलं नसतंच. आवेईने नाक पुसलं. सगळ्यांनी ते वाक्य हात पुढे करून घेतलं. पेइयुनने मात्र सूलानकडे पाहिलं आणि तिला दिसलं की सूलानने ते घेतलेलं नाही.

त्यानंतर किमथो आखुनला म्हणाले, तेवीसच्या तेवीस एकदम तोड. आखुन म्हणाला, थांबू की, तुम्ही बरे होऊन या, एखादं दुसरं चाखून सांगा. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

“एकदम तोड,” किमथो परत म्हणाले. “कोण सांगणार आता.”

इतकी वर्षं आखुनला हेच हवं होतं. बाबांनी स्टुलावरून उठावं आणि म्हणावं, तू बघ आता. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. म्हाताऱ्याचे पाय पांघरुणाबाहेर उघडे पडले होते. त्याने ते झाकले, मग उगाच परत झाकले, आणि बाहेर गेला.

नर्स येऊन सांगून गेली की लघवी नाही, उद्याची वाट बघत नाहीत. मानेत नळी घालायला आत्ता पाच वाजता नेतील. एकच माणूस थांबा.

बाहेरच्या बाकावर सूलान आणि पेइयुन शेजारी बसल्या. सूलान समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “ते खातच राहिले असते. मी गोळी काढून ठेवली असती. डबीतून.” तिच्या आवाजात राग नव्हता. “मी वाचते तुझं. हसते, पण सगळं वाचते.”

सूलानने हात पुढे करून निन्नीला पेइयुनच्या मांडीवरून उचलून घेतलं, म्हणजे तिला तोंड झाकता यावं.

आत आमा राहिली होती. रिकामी पिशवी तिच्या मांडीवर होती. किमथो छताकडे बघत होते.

“काल दिलंस ते कुठल्या झाडाचं?” त्यांनी विचारलं.

तिला आठवायला वेळ लागला नाही. “विहिरीमागचं. दुसरं.”

“ते अजून चाखलं नव्हतं मी.”

“म्हणूनच आणलं.”

दाराबाहेर ढकलगाडीची चाकं थांबली. आमाने उठून त्यांच्या गळ्यापाशी पांघरूण खाली सरकवलं, नळी घालणाऱ्यांना सोपं जावं म्हणून.

“तयार होतं,” किमथो म्हणाले. “आखुनला सांग, ते पहिलं तोड. चांगलं गोड होतं.”